वीस-चाळीसच्या मधली डबी

मी डबी बोलतेय. छापील नाव प्रेशर स्विच. खोक्यावर आणि पुस्तिकेत तेच आहे, पण कोल्हापूरजवळच्या वडणग्यातल्या या घरात त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. पहिल्याच दिवशी शालूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून "ही डबी कसली?" असं विचारलं आणि मी डबीच झाले. राखाडी झाकण, तळहातात मावेल एवढा आकार, पाण्याच्या पाइपला चिकटून बसलेली. एरवी मला फक्त टक् म्हणता येतं. तेव्हा सांगताना काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझं काम सांगायला सोपं आहे. घरातला कुठलाही नळ उघडला की पाइपातला दाब उतरू लागतो. शेजारच्या गोल घड्याळातला काटा वीसवर आला की मी टक् करून विहिरीतली मोटर चालू करते. नळ बंद झाला की दाब चढतो. काटा चाळीसवर पोचला की पुन्हा टक्, मोटर बंद. वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, चाळीसच्या वर चढू द्यायचं नाही. एवढंच. पण दिवसभर एवढंच करणाऱ्याचा स्वभाव कसा होत असेल, विचार करा. कमी तर पडत नाहीये ना? जास्त तर होत नाहीये ना? मला तिसरा विचार सुचतच नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. एका बाईंनी माझ्यात दोन स्प्रिंगा बसवल्या, एक जाड, एक बारीक. दुसरीने त्यांवर दोन नट चढवले. मोठा नट पिळला की माझे दोन्ही आकडे वर सरकतात आणि सोडला की दोन्ही खाली येतात. धाकटा नट त्या दोन आकड्यांमधलं अंतर वाढवतो, कमी करतो. शेवटी तपासणाऱ्या बाईंनी मला तीनदा दाब देऊन बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, ही जरा हळवी आहे. ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. मात्र त्यांनी मला पेटीत घातलं, फेकलं नाही.

तिथून मी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाच्या फळीवर आले आणि फळीवरून आकाराम प्लंबरच्या पिशवीत.

आकारामने मला बसवलं तो या घराच्या घरभरणीचा दिवस होता. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला छोटं छप्पर काढून त्याने आमचा संसार मांडला. विहिरीकडून येणारा पाइप, निळी टाकी, काट्याचं घड्याळ आणि मी. माझ्या मागे भिंत, भिंतीपलीकडे न्हाणी आणि डोक्यावर न्हाणीची जाळीची खिडकी. त्यामुळे या घरातलं बरंचसं मला ऐकू येतं. पाण्याचा आवाज येतोच, माणसांचाही येतो.

घराचे मालक केरबा. त्यांची बायको शालूबाई. मुलगा ऋतुराज, तो शिरोलीला कारखान्यात नोकरीला. त्याची बायको संयोगिता तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती आणि पावण्यांना नाष्ट्याच्या बशा देत होती. आकारामने केरबांना बोलावून टाकी दाखवली. हिच्या पोटात रबरी फुगा आहे. फुग्याच्या आत पाणी, बाहेर हवा. पाणी आलं की हवा दबते आणि मग तीच हवा पाण्याला ढकलत राहते. म्हणून नळाची बारीक धार सोडली तरी मोटरला लगेच उठावं लागत नाही. मग त्याने टाकीच्या डोक्यावरचं काळं टोपण दाखवलं, सायकलच्या ट्यूबला असतं तसलं, आणि म्हणाला, "मामा, ह्यात अठरा हवा हाय. ती कवा कमी होऊ द्यायची न्हाय."

मागून कुणीतरी पावणा बोलला, "कोल्हापुरात कुनाची हवा कमी झालीया व्हय कधी?"

आमच्याकडे हवा म्हणजे तोरासुद्धा. छपराखाली एकच हशा पिकला. केरबा सगळ्यांत मोठ्याने हसले. ऋतुराजच्या पाठीवर थाप पडली, त्याच्या नव्या गाडीवरून दोन वाक्यं झाली आणि पंगतीची हाक आली. आकारामचं वाक्य त्या हशात बुडालं ते बुडालंच. संयोगिताने ते अर्धंमुर्धं ऐकलं असावं, पण तिच्या हातात बशा होत्या.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. माणूस नळ कसा उघडतो यावरून मी त्याला ओळखू लागले. केरबा नळ उघडतात ते उसाला पाणी सोडल्यासारखं, एकदम पूर्ण. शालूबाईंची धार दोऱ्यासारखी बारीक, त्या धारेखाली सगळी भांडी निघतात. ऋतुराज शॉवरखाली उभा राहिला की मोटर दोनदा उठते. आणि संयोगिता नळ बंद करते, चार पावलं जाते, परत येते आणि बंद असलेला नळ पुन्हा बंद करते.

तिचं माझं जमलं ते तिथेच. तेजस्वी झाल्यावर तर तिचं हे फारच वाढलं. गॅसचं बटण तीनदा बघायचं. बाळ झोपलं की श्वास चालू आहे का बघायचं, मग आपण बघितल्यामुळे ते जागं झालं म्हणून स्वतःवरच चिडायचं. एकदा माझ्यासमोर उभी राहून ती फोनवर बहिणीला सांगत होती, "मी वेडी आहे हे मला माहीत आहे, पण ते मला माहीत आहे म्हणजे मी तेवढी वेडी नसेन ना?" आम्ही दोघीही दिवसभर तपासतच असतो. फरक इतकाच की मला दोन नट आहेत, कुणी पाना लावून ते फिरवलं तर माझी घालमेल थांबते. तिला तशी सोय नाही.

तेजस्वी नऊ महिन्यांची झाली तेव्हा एप्रिल होता. विहिरीचं पाणी खोल गेलं आणि मोटरने दोन-तीनदा पाण्याबरोबर हवा ओढली. घरातले नळ खाकरू लागले. थोडं पाणी, फस् करून हवा, परत पाणी.

आता केरबांची नदीवरची मोटर पस्तीस वर्षांची जुनी. त्या मोटरने हवा धरली की पाणी चढत नाही. बूच ढिलं करायचं, फुस्स करून हवा जाऊ द्यायची, पाण्याची चिळकांडी उडाली की बूच आवळायचं. हे त्यांनी आयुष्यात इतक्यांदा केलंय की झोपेतही करतील. हवा म्हणजे मोटरची वैरीण, हे त्यांच्या हातांनाच पाठ झालेलं. ते छपराखाली आले, खालची तोटी उघडून लायनीतली हवा काढली. ते बरोबरच होतं. मग त्यांची नजर टाकीच्या डोक्यावरच्या काळ्या टोपणावर गेली.

"हितं बसलीया व्हय सगळी," असं म्हणून त्यांनी टोपण काढलं आणि किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबून धरली. हवा बराच वेळ जात राहिली. मी ऐकत होते. मला टक् म्हणता येतं, तेही दाब बदलला तरच. केरबा समाधानाने उठले. केवढी साठली होती म्हणाले. नळ खाकरायचे थांबले, कारण खालच्या तोटीतून नको ती हवा आधीच गेली होती, आणि दुपारी शालूबाईंनी त्यांचं कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. टाकीच्या पोटात आता नुसतं पाणी. पाणी दबत नाही. बारीक नळ उघडला की काटा धाडकन वीसवर, मी टक्. मोटर उठली की लगेच चाळीसवर, परत टक्. उठ, बस, उठ, बस. न्हाणीतलं पाणी मध्येच जोरात, मध्येच मलूल. माझ्या आतल्या तांब्याच्या पट्ट्या ठिणग्यांनी काळ्या पडू लागल्या. शालूबाई म्हणायच्या, ती डबी बिघडलीया, टकटक करतीया. ऋतुराजने एका सकाळी कामावर जाता जाता माझं झाकण काढलं आणि जोर वाढवला की झालं म्हणत मोठा नट तीन वेढे पिळला. आता मी तीस आणि पन्नासच्या मध्ये धापा टाकू लागले. खरं सांगते, मलाही वाटायला लागलं, मीच बिघडले असेन. सगळे म्हणतायत म्हणजे असेल.

आणि चौथ्या दिवशी ते झालं.

तेजस्वीला न्हाऊ घालायचं काम शालूबाईंचं होतं, पण त्यांचा गुडघा दुखायचा म्हणून महिन्याभरापासून ते संयोगिताने घेतलं होतं. ती बाळाला टबात बसवायची आणि डोक्यावरून हातातल्या शॉवरने पाणी सोडायची. पाणी गॅसच्या गिझरचं. त्या गिझरचं एक आहे, त्यातून पाणी जोरात गेलं तर कोमट येतं, जोर कमी झाला की तेवढीच आच थोड्या पाण्याला लागते आणि ते कढत होतं. संयोगिताने आधी हात धरून बघितलं होतं. मग साबण घ्यायला वळली. तेवढ्यात काटा खाली आला, मग वर, परत खाली. शॉवर बाळाच्या खांद्यावरच होता.

तेजस्वीची किंकाळी मी भिंतीतून ऐकली. पाठोपाठ गार पाण्याची बादली ओतल्याचा आवाज आणि संयोगिताची हाक.

डॉक्टर म्हणाले, भाजलंय ते वरवरचं आहे, मलम लावा, डाग राहणार नाही. पण घरात जे बोलायचं ते बोलून झालं. शालूबाई घाबरल्या होत्या आणि घाबरल्या की त्या आवाज चढवतात. "आमी काय पोरं न्हाऊ घातली न्हाईत व्हय? बंबातलं पानी, हातानं बगायचं न् घालायचं. शावर कशाला लागतोय एवढ्याशा जिवाला?" ऋतुराज "होतं असं" एवढंच म्हणाला. संयोगिताला ते जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून शालूबाई दुखऱ्या गुडघ्यानिशी पाटावर बसून नातीला न्हाऊ घालू लागल्या. संयोगिता दारात टॉवेल धरून उभी. एकदा शालूबाईंनी तांब्या पुढे केला तर तिने हात मागे घेतला. आपल्या हाताचा भरवसा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. पाणी बदललं होतं की आपण नीट बघितलं नव्हतं, हे कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत ती बाळाच्या अंगावर पाणी घालणार नव्हती. आणि मला तेच माझ्याबद्दल विचारायचं होतं. भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, आम्ही दोघी एकाच प्रश्नावर अडून बसलो होतो.

आठवडाभराने एका दुपारी तेजस्वी झोपल्यावर संयोगिता छपराखाली आली. बाहेरचा नळ तिने बारीक सोडला आणि फोनवर वेळ लावून माझे टक् मोजले. एका मिनिटात अकरा. तिने पुन्हा मोजले, अर्थातच. बारा. काट्याकडे बघितलं, तो तीसवरून पन्नासवर आणि पन्नासवरून तीसवर उड्या मारत होता. ती आत जाऊन माझी पुस्तिका शोधून घेऊन आली. त्यातली एक ओळ तिने मोठ्याने वाचली. मोटर वारंवार चालू-बंद होत असल्यास प्रथम टाकीतली हवा तपासा. मग तिची नजर टाकीच्या डोक्यावरच्या काळ्या टोपणावर गेली. घरभरणीच्या दिवशी अर्धंमुर्धं ऐकलेलं तिला आठवत असावं.

तिने आकारामला फोन लावला. तो आजऱ्याला काजूच्या कारखान्यात पाइप जोडत होता. फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणाला, कलिंगड वाजवतो तशी टाकी वाजवून बघा. हवा असेल तर वरचा भाग पोकळ वाजंल. तिने वरपासून खालपर्यंत बोटाने वाजवून बघितलं. सगळीकडे एकच भद्द आवाज.

"पोट भरून पानी प्यालीया ती, वैनी. हवा गेली. डबीला काय झालेलं न्हाय."

मला झाकण नसतं तर आनंदाने माझ्या स्प्रिंगा बाहेर उडाल्या असत्या.

आकाराम दोन दिवसांनी येणार होता, पण काम सोपं आहे, तुम्ही करू शकाल म्हणाला. संयोगिताने त्याच्याकडून सगळं तीनदा वदवून घेतलं आणि कॅलेंडरच्या पानामागे लिहून काढलं. शेवटी हळूच विचारलं, मला जमेल का. पलीकडून तो म्हणाला, "पोरगी वाढवताय की. ही तर नुसती टाकी हाय."

तिने आधी विजेचं मेन बंद केलं. तीन पावलं गेली, परत येऊन बघितलं. बंदच होतं. खालची तोटी उघडून टाकी रिकामी केली, काटा शून्यावर येईपर्यंत थांबली. मग गाडीच्या चाकात हवा भरायचा पायपंप आणला, टाकीच्या डोक्यावरचं टोपण काढलं आणि नळी लावली. तेवढ्यात केरबा डेअरीत दूध घालून आले.

"काय चाललंय?"

"टाकीत हवा भरतेय, मामा." या घरात सासऱ्यांना मामाच म्हणतात.

"भरतीस? अगं, ती तर म्या काढली."

संयोगिताचा हात नळीवरच राहिला. केरबांनी टाकीकडे बघितलं, पंपाकडे बघितलं. हातातली किटली हळूच खाली ठेवली.

"काढायची नसती व्हय ती?"

"नसते, मामा."

 मोटरीतलं केरबांना कळतं, त्यामुळे पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलंच, "तेजूला भाजलं त्याच्या आदी काढली म्या, का मागनं?"

मला वाटलं, ती मागनं म्हणेल. एवढा एक शब्द बोलली असती तर म्हातारा सुटला असता, आणि ती आठवडाभर जे सोसत होती ते तिच्याकडेच राहिलं असतं. तिच्या चेहऱ्यावरून तो शब्द येऊन गेलेला मी बघितला.

"आधी," ती म्हणाली. "चार दिवस आधी. पण पाण्याखाली एक हात कायम ठेवायचा, ते माझ्याकडून राहिलं. ते पण आहे."

 तिने पंप केरबांच्या पायाशी सरकवला.

"तुम्ही पाय हाणा. मी काटा बघते."

त्यांनी चपला काढल्या, उगाचच, आणि पंपावर पाय ठेवला. पासष्ट वर्षांचा माणूस, भिंतीला हात टेकून हवा भरत होता. घाम गळत होता तरी थांबले नाहीत. ती पंपावरचे आकडे सांगत होती. सात. अकरा. पंधरा. अठरा, बास. त्यांनी वरून अजून एकदा हाणला, मग तिला तेवढी हवा पिन दाबून सोडावी लागली. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

नंतर तिने माझं झाकण उघडलं. ऋतुराजने मोठा नट तीन वेढे पिळला होता, हे त्याला फोनवर विचारून तिने तीन सोडले. तोटी बंद केली, मेन चालू केलं आणि टाकी भरल्यावर बाहेरचा नळ बारीक सोडला. काटा अगदी सावकाश उतरू लागला, दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा. बावीसवर आला तेव्हाच मी टक् केलं. तिने परत मेन बंद करून नट पाव वेढा सोडला. आता वीस. वर चाळीस. तिने हे चारदा तपासलं आणि मी चारही वेळा तेच आकडे दिले.

संध्याकाळी चहाच्या वेळी केरबांनी शालूबाईंना स्वतःहून सगळं सांगितलं. चूक माझी होती, म्हणाले. शालूबाईंनी चहात बिस्किट बुडवलं. मग म्हणाल्या, "असूं दे. मग मला त्या पाटावरनं कवा उठू देताय?"

आज माझ्या पट्ट्या काळ्या आहेत, एक कोपरा जळलाय. आकाराम नंतर येऊन बघून गेला, अजून दोन वर्षं चालंल म्हणाला. मला चालेल. तुमच्याकडेही माझ्यासारखी कुणी टकटक करत असेल, तर तिचे नट पिळण्याआधी जरा थांबा. मेन बंद करा, टाकी वाजवून बघा. सतत घाबरून उठणारीचा स्वभावच तसा आहे असं समजू नका. तिच्या मागे जे मऊ असायला हवं होतं, ते कुणीतरी चांगल्या मनानेच काढून घेतलेलं असतं.

टाकीत हवा भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिताने शॉवर भिंतीवर अडकवून टाकला आणि नळाखाली बादली ठेवली. एक हात धारेत, तो तिने बाहेर काढलाच नाही. तेजस्वीला मांडीत बसवलं होतं आणि दुसऱ्या हातात तांब्या होता. भिंतीच्या या बाजूला, माझ्यासमोर, केरबा येऊन उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. ते काट्याकडे बघून खिडकीतून आकडे सांगू लागले.

"पस्तीस. तीस. सावकाश उतरतंय. सव्वीस. आता लागंल बग मोटर."

"लागू दे," आतून संयोगिता म्हणाली. मग तांब्या पाण्यात बुडाल्याचा आवाज आला आणि बाळाच्या पाठीवर पाणी पडल्याचा.

वीसवर मी टक् केलं. धार होती तशीच राहिली, पाणी होतं तसंच राहिलं. आत तेजस्वी पाण्यावर हात आपटत होती. मी बोलले हे तिकडे कुणाला कळलंही नाही.